चौथा रकाना

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी, तिसऱ्या तासाला, विज्ञानाच्या सरांनी नववीच्या वर्गातला फळा भिंतीकडे तोंड करून उभा केला. तास संपल्यावर त्यांनी तो पुन्हा सुलटा केला, कारण पुढचा तास गणिताचा होता. वार्षिक परीक्षेपर्यंत त्यांनी रोज हेच केलं.

शाळा पालमहून परभणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात होती. एसटीच्या थांब्यापासून चालत पाच मिनिटं. नववीच्या हजेरीपटावर बेचाळीस नावं होती. त्या सोमवारी सात जण गैरहजर होते. त्यातले सहा आठवडाभरात आले. सातवी अश्विनी होती. ती आईवडिलांबरोबर कराडकडे ऊसतोडीला गेली होती आणि एप्रिलपर्यंत येणार नव्हती.

सरांची नोकरी तोवर वीस वर्षांची झाली होती. गावात त्यांच्याबद्दल दोन मतं होती. एक, सर हुशार आहेत पण लिहून देत नाहीत. दुसरं, सर लिहून देत नाहीत म्हणजे त्यांना येत नसेल. दोन्ही मतांच्या लोकांची मुलं आमच्याच वर्गात होती.

शिकवताना ते आमच्या तोंडाकडे बघत नसत. हातांकडे बघत. शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी असायची. बोलता बोलता ती काढायची, एक रेघ मारायची, परत ठेवायची. आम्हाला वाटायचं, कोण बोलतंय त्याची नोंद चालली आहे. म्हणून डायरी निघाली की वर्ग गप्प व्हायचा. त्या डायऱ्या मी पुढं पाहिल्या. सर आता परभणीत राहतात आणि मी तिथल्याच एका वर्तमानपत्रात काम करतो. डायरीत कुणाचंही नाव नव्हतं. प्रत्येक पानावर चार रकाने होते. पहिल्याच्या डोक्यावर ‘खडू’, दुसऱ्याच्या ‘दोनदा’, तिसऱ्याच्या ‘परीक्षा’ आणि चौथ्याच्या ‘आपणहून’.

वर्गातली पेनं कशानं हलतात, हे सर मोजत होते. फळ्यावर खडू टेकला की हलतात: पहिला रकाना. एखादं वाक्य दोनदा म्हटलं की हलतात: दुसरा. ‘हे परीक्षेला येतं’ म्हटलं की सगळ्यात जास्त हलतात: तिसरा. पहिले तीन रकाने रेघांनी भरलेले होते. चौथ्यात त्या दिवाळीपर्यंत काही नव्हतं. आधीच्या वर्षांच्या डायऱ्यांतही नव्हतं.

मोजणीसाठी ते काहीही करत. एकदा गांडुळावर वीस मिनिटं बोलले. कुणी लिहीत नव्हतं. मग ते फळ्याकडे गेले आणि खडू नुसता टेकवून उभे राहिले. चाळीस वह्या उघडल्या.

सर वळले. “पेन कशाला उचललं रे? मी तर काईच लिहिलं न्हाई.”

“तुमी लिवणारच होता की सर,” दत्ता म्हणाला.

दत्ता शेवटच्या बाकावर बसायचा आणि वर्गाच्या वतीनं बोलायचा. सरांनी डायरी काढली आणि पहिल्या रकान्यात रेघ मारली.

त्यांच्या खिशाला दोन पेनं असत. त्यातल्या एकाच्या कांडीत शाई नसायची. पेन विसरलेल्या मुलाला ते नेमकं तेच देत. एकदा ते दत्ताला मिळालं. त्या दिवशी सरांनी फळा भरून लिहिलं आणि दत्तानं ते पूर्ण उतरवून घेतलं. तास संपल्यावर सरांनी वही मागितली. पान पांढरं होतं. बोटानं चाचपलं तर अक्षरं लागत होती.

“काय करायलास हे?”

“लिव्हायलो होतो सर.”

“उमटत न्हाई हे कळलं न्हाई?”

“कळलं की. पर समदेच लिव्हायलेत म्हणल्यावर थांबावं कसं?”

सर हसले नाहीत. ती वही त्यांनी ठेवून घेतली आणि दत्ताला नवी आणून दिली. ते कोरं पान अजून त्यांच्याकडे आहे.

पालमला एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नात पंगत बसली होती. सर नवरदेवाशेजारी जेवत होते. मध्येच ते म्हणाले, “हे महत्त्वाचं हाय, बरं का.” नवरदेवाचा हात शेरवानीच्या खिशाकडे गेला. ही हकिगत मला स्वतः नवरदेवानं सांगितली. सरांनी पुढं काहीच महत्त्वाचं सांगितलं नाही, जिलेबी मागितली, असंही तो म्हणाला.

पाणी उकळण्याचा प्रयोग त्याच वर्षीच्या पावसाळ्यातला. तो नववीच्या पुस्तकात नव्हता. सर दरवर्षी करत. शाळेच्या आवारात खिचडीची चूल होती. तिच्यावर पातेल्यात पाणी ठेवलं, आणि प्रयोगशाळेतला थर्मामीटर सुतळीनं आडव्या काठीला बांधून पाण्यात सोडला. आम्ही सगळे भोवती उभे. पाणी उकळायला लागलं. सर म्हणाले, “पारा कुठं थांबला ते बघा अन् लिहा.” प्रत्येकानं वाकून बघितलं. मग वह्या गोळा झाल्या.

एक्केचाळीस वह्यांत शंभर होतं. अश्विनीच्या वहीत होतं: ‘अठ्ठ्याण्णवच्या जरा वर थांबला.’

सरांनी ते मोठ्यानं वाचलं. पोरं हसली. अश्विनी तिसऱ्या बाकावरची, फारशी न बोलणारी मुलगी. ती खाली बघत राहिली.

“सर, लाकडं कमी पडली,” दत्ता म्हणाला. “हिच्या नशिबाला चूलच गार. अजून दोन घाला, होतंय बघा शंभर.”

“घाल.”

दत्तानं दोन लाकडं सारली. नंतर अजून दोन. पाणी पातेल्याच्या काठावरून उडायला लागलं. पारा तिथंच राहिला. दत्तानं वाकून बघितलं, डोळे पुसले, परत बघितलं. वहीतलं शंभर त्यानं बदललं नाही. मीही बदललं नाही.

“पुस्तकातलं शंभर समुद्राकाठचं हाय,” सर म्हणाले. “आपलं गाव समुद्रापासनं उंच हाय. अन् ही नळीबी स्वस्तातली हाय. दोन्हीत कुणाचा वाटा किती, मला माहीत न्हाई. पर पारा कुठं थांबला ते तुमा समद्यांना दिसत हुतं. एकीनं लिहिलं.”

त्या दिवशी डायरीत काय लिहिलं, ते मी पाहिलं आहे. रकाने रिकामे सोडून सरांनी पानाच्या तळाशी एक ओळ लिहिली होती: ‘सांगितल्यावर लिहिलं, पण बघून लिहिलं. हा रकाना आपल्याकडे नाही.’

अश्विनीच्या वडिलांशी सरांचं बोलणं दिवाळीच्या आधी झालं. मी तिथं नव्हतो. तिच्या वडिलांनी ते मला नंतर सांगितलं. ऊसतोडीची टोळी निघायला तीन दिवस होते. सर त्यांच्या दारात गेले.

“पोरीला ठेवा हितं,” सर म्हणाले.

“कुणापाशी ठिवू सर? अन् धाकल्याला तिथं कोण बघंल? आमी दोघं फडात, पोरगं कोपीत एकलं.” कोपी म्हणजे उसाच्या फडाजवळची पाचटाची झोपडी.

“परीक्षेला आणाल का?”

“एप्रिलात येतोयच की.”

“पास झाली तर?”

वडील म्हणाले, “पास झाली तर दहावीला माझ्या भावापाशी ठिवतो. सबद देतो. पर नापास पोरीला भाऊ ठिवून घ्यायचा न्हाई. मग शाळा बंद. मग सोयरीक बघावी लागंल.”

“नववीला आता नापास करतात,” सर म्हणाले. “आठवीपर्यंत तसं न्हाई.”

“म्हणूनच म्हणलं.”

सरांनी सबद घेतला आणि निघाले. जाताना त्यांनी मुकादमाचं घर विचारलं. मुकादम म्हणजे टोळी घेऊन जाणारा माणूस. मजूर कमी पडले, कुणी आजारी पडलं की तो पंधरा-वीस दिवसांनी गावाकडे फेरी मारायचा.

दिवाळीनंतरच्या त्या सोमवारी, फळा उलटा केल्यावर, सरांनी टेबलावर दोन जाड वह्या ठेवल्या. तिसऱ्या बाकावरची अश्विनीची जागा रिकामी होती. ती त्यांनी रिकामीच ठेवायला सांगितली.

“ह्या वह्या अश्विनीच्या हायेत. तासाला जे झालं ते रोज एकानं लिहायचं. पाळी हजेरीपटाप्रमाणं. एक वही तिच्याकडं, एक आपल्याकडं. मी त्यात एक अक्षर लिहिणार न्हाई. फळ्यावर बी न्हाई.”

“आमी काय लिवायचं मग आमच्या वहीत?” कुणीतरी विचारलं.

“तुमचं तुमी बघा.”

“परीक्षेला काय येणार सर?” दत्तानं विचारलं.

“अश्विनीला जे येईल ते.”

मुकादमाच्या फेरीबरोबर गेलेली पहिली वही तीन आठवड्यांनी परत आली. मुकादमानं ती खताच्या पिशवीत गुंडाळून शाळेत आणून टाकली. “मास्तर, मी टोळी न्यायलोय, टपाल न्हाई,” तो म्हणाला. “पोस्टमन काय मेला का?”

“पोस्टमनला कोपीचा पत्ता कुठं माहीत? तुमाला हाय,” सर म्हणाले आणि दुसरी वही त्याच्या हातात दिली.

परत आलेल्या वहीच्या समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहिलेले होते. सरांनी ते नावानिशी वाचून दाखवले.

एकानं लिहिलं होतं, ‘आकृती वरीलप्रमाणे.’ समासात होतं: ‘वर आकृती नाही. वर तारीख आहे.’

दुसऱ्यानं: ‘सरांनी सांगितल्याप्रमाणे आरसा धरला.’ समासात: ‘काय सांगितलं?’

एका मुलीनं: ‘प्रतिमा मोठी दिसली.’ समासात: ‘कशापेक्षा? आरसा किती लांब होता?’

असे तेवीस प्रश्न होते. शेवटच्या पानावर अश्विनीनं स्वतःचं लिहिलं होतं: ‘माझ्याकडे आरसा नाही. स्टीलची पळी आहे. पळीच्या आतल्या बाजूला तोंड उलटं दिसतं आणि बाहेरच्या बाजूला सुलटं. तुमच्या आरशात उलटं कधी झालं?’

वर्गात कुणालाच आठवत नव्हतं. आरसा सगळ्यांनी पाहिला होता, हातातही घेतला होता. सरांनी कपाटातून तो अंतर्गोल आरसा काढला, पहिल्या बाकावर ठेवला आणि स्वतः दाराजवळ जाऊन उभे राहिले.

पाच मिनिटांनी दत्ताच पुढं आला. “आण रे पट्टी,” तो म्हणाला. “ती पोरगी तिथं पळीत बघायली, अन् हितं शाळेचा आरसा असून आमी येडे.” एकानं आरसा धरला, एक मागं मागं सरकत गेला, एकानं पट्टीनं मोजलं. पाळी ज्याची होती तो लिहीत होता. त्याच्याशिवाय आणखी सहा जण आपापल्या वहीत लिहीत होते. सर काही बोलत नव्हते. खडू पेटीत होता.

त्या तारखेच्या पानावर चौथ्या रकान्यात सहा रेघा आहेत. इतक्या वर्षांच्या मोजणीत त्या रकान्यात आलेल्या या पहिल्या, असं सरांनी मला सांगितलं. डायऱ्या पाहिल्यावर ते खरं निघालं.

माझी पाळी डिसेंबरात आली. आम्ल आणि आम्लारी. त्या दिवशी सरांनी हळदीचे कागद आणले होते. चुन्याच्या निवळीत एक बुडवला, तो लाल झाला. लिंबाच्या रसात दुसरा बुडवला, तो पिवळाच राहिला. मी खिडकीशी बसलो होतो आणि थांब्यावर परभणीची गाडी लागली होती. संध्याकाळी घरी पुस्तक उघडून मी वही भरली. अक्षर चांगलं काढलं. ‘आम्लाच्या द्रावणात निळा लिटमस कागद लाल झाला.’

वही परत आली तेव्हा त्या ओळीपुढे लिहिलं होतं: ‘शाळेत लिटमस कधी आला? दिवाळीआधी कपाट मी साफ केलं. डबी रिकामी होती.’

सरांनी वाचलं. वर्ग इतका हसला की शेजारच्या आठवीच्या बाई दारात आल्या.

“आरं, दीडशे कोस लांबून पकडलं रे तुला,” दत्ता म्हणाला. “आमच्या बापाला बी जमत न्हाई.”

सरांनी मला शिक्षा केली नाही. वही समोर ठेवली. “अश्विनीला उत्तर लिही.”

मी लिहिलं: ‘लिटमस नव्हता. हळदीचा कागद होता. मी बघितलं नाही, पुस्तकातून लिहिलं. काय झालं ते विचारून खाली लिहितो आहे.’ आणि खाली लिहिलं. मी जिथं काम करतो तिथं याला खुलासा म्हणतात आणि तो चौकटीत छापतात. माझा पहिला खुलासा हा.

पुढच्या फेरीला तिचं उत्तर आलं. तिनं कोपीत हळदीचे कागद केले होते. वडिलांच्या तंबाखूच्या डबीतला चुना, चुलीतली राख, अंगाचा साबण, चिंच आणि उसाचा रस, पाचही करून पाहिले होते. उसाच्या रसानं काही झालं नाही, असं तिनं लिहिलं होतं, आणि पुढं कंसात: ‘इथं रस भरपूर आहे, म्हणून चार वेळा केलं.’

जानेवारीत दोन पालकांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. आम्ही मुख्याध्यापकांना हेडसर म्हणायचो. मी हजेरीपट द्यायला कचेरीत गेलो होतो तेव्हा सर तिथं उभे होते.

“फळा उलटा का असतो तुमच्या तासाला?” हेडसरांनी विचारलं.

“सुलटा असला की पोरं फळ्याकडं बघतात.”

“मग काय भिंतीकडं बघायचं?”

“प्रयोगाकडं.”

“वह्यांत नोट्स नाहीत असं पालक म्हणतात. कुणाच्या वहीत एक पान, कुणाच्या वहीत दहा. एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही.”

“जुळायला लागलं की मला सांगा. मग कुणीतरी उतरवून घ्यायलंय म्हणायचं.”

“फळा उद्यापासून सुलटा करा.”

“करतो,” सर म्हणाले. “परीक्षेनंतर.”

हेडसरांनी हजेरीपट घेतला आणि मला जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला फळा उलटाच होता. हेडसर व्हरांड्यातून गेले. त्यांनी आत बघितलं. थांबले नाहीत.

फेब्रुवारीपर्यंत पाळीचा अर्थ उरला नव्हता. वही एकजण लिहायचा, पण त्याच्या ओळीला शेजारचा हरकत घ्यायचा. “तारेची लांबी न्हाई लिव्हली तू.” “लिव्ह की, तू सांग.” “मी कशाला सांगू, माझ्या वहीत हाय.” अश्विनी काय विचारील, याचा अंदाज बांधून लोक आधीच लिहायला लागले होते. दत्तानं आपल्या पाळीला दोन पानं लिहिली. त्यात ध्वनीच्या प्रयोगाबरोबरच खिडकीतून आलेल्या गाढवाच्या आवाजाचीही नोंद होती. समासात अश्विनीनं विचारलं होतं, ‘गाढव किती लांब होतं?’ दत्तानं दोन दिवसांनी पावलं मोजून उत्तर लिहिलं.

परीक्षेच्या आधी सरांनी हेडसरांना एक अर्ज दिला. नववीचे विज्ञानाचे पेपर आपण तपासणार नाही, शेजारच्या गावच्या शाळेतल्या शिक्षकांनी तपासावेत.

“असं नियमात नाही,” हेडसर म्हणाले.

“नियमात मनाई बी न्हाई. ती पोरगी पास झाली तर मी पास केली म्हणतील. नापास झाली तर तिची शाळा बंद हुती. दोन्हीत माझा हात नको.”

हेडसरांनी अर्ज दोन दिवस ठेवला आणि तिसऱ्या दिवशी सही केली. अर्जाची प्रत सरांकडे आहे.

अश्विनी परीक्षेच्या सहा दिवस आधी आली. हाताच्या बोटांवर पाल्याचे चरे होते. तिच्याकडची वही ती घेऊन आली होती. ती तिसऱ्या बाकावर बसली. मग दत्ता म्हणाला, “आली बाबा तपासनीस. आता तोंडानं विचार, समासात जागा न्हाई राहिली.”

ती हसली. त्या दिवशी तिनं तासाला अकरा प्रश्न विचारले. हे डायरीत आहे.

विज्ञानाच्या पेपरात दर्शकावर प्रश्न होता: आम्ल व आम्लारी ओळखण्याची एक कृती लिहा. एकट्या अश्विनीनं लिटमस लिहिला नाही. हळद, चुना आणि चिंच लिहिली, आणि राखही करून बघितली एवढंच शेवटी लिहिलं. पेपरातून बाहेर आल्यावर तिनं ते सांगितलं, तेव्हा मला वाटलं, गेली. मी लिटमसच लिहिला होता. सरांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “तिनं केलंय ते लिहिलं. तपासणारा कसा हाय, बघू.”

निकालाच्या दिवशी तिचे वडील शाळेत आले होते. ते वर्गात आले नाहीत, दाराबाहेर चपला काढून उभे राहिले. हेडसरांनी नावं वाचली. अश्विनीला विज्ञानात एक्केचाळीस गुण होते. पस्तीस लागत होते. बाकीच्या विषयांतही ती पास होती. वडिलांनी विचारलं, “म्हंजी झाली का?” सर म्हणाले, “झाली. सबद.” वडिलांनी मान हलवली.

दर्शकाच्या प्रश्नाला तिला पूर्ण गुण होते. पेपर तपासणाऱ्या शिक्षकांनी त्या उत्तराशेजारी लाल शाईनं लिहिलं होतं: ‘राखेचं काय झालं?’

जूनमध्ये दहावीच्या पहिल्या दिवशी ती तिसऱ्या बाकावर होती. चुलत्याच्या घरून यायची.

दहावीच्या दिवाळीत टोळ्या पुन्हा निघाल्या. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. दत्ताच्या आईची पाठ त्या वर्षी धरली होती. कोयता पुरा करायला बापाबरोबर दत्ता गेला. बोर्डाच्या परीक्षेआधी, फेब्रुवारीत परत यायचं असं ठरलं होतं. गेला तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सुट्टीनंतरच्या सोमवारी शेवटच्या बाकावरची जागा रिकामी होती.

सरांनी फळा उलटा केला. टेबलावर वही ठेवली. पाळी हजेरीपटाप्रमाणं, म्हणून ते नाव वाचायला लागले. अश्विनी उठली आणि वही घेऊन गेली.

“तुझी पाळी न्हाई,” सर म्हणाले.

“माहीत हाय सर.”

त्या आठवड्यात उष्णतेचा धडा होता. आवारातल्या चुलीवर पुन्हा पातेलं चढलं. सुतळी, काठी, तोच थर्मामीटर. वह्या गोळा झाल्या तेव्हा सदतीस जण हजर होते आणि त्यातल्या चौतीस जणांनी अठ्ठ्याण्णवच्या जरा वर लिहिलं होतं. उरलेल्या तिघांनी शंभर लिहिलं होतं. सरांनी तिघांना काही विचारलं नाही.

अश्विनीनं दत्तासाठी लिहिलेलं पान असं होतं:

‘दोन तांबे पाणी घेतलं. थर्मामीटरचा गोळा पातेल्याच्या बुडाला टेकू दिला नाही. पाणी उकळल्यावर दहा मिनिटं थांबलो. पारा अठ्ठ्याण्णवच्या जरा वर थांबला. नंतर लाकडं वाढवली, पारा वाढला नाही. तू तिथं करून बघ. तुझी जागा आपल्या गावापेक्षा उंच आहे का खाली, ते कुणाला विचारू नको. आधी पाणी उकळ. थर्मामीटर सोबत दिला आहे. फडक्यात गुंडाळला आहे, हळू सोड.’

सरांनी ते वाचलं आणि थर्मामीटर तिच्या हातात दिला. शाळेत दुसरा नव्हता.

“आता काचा बी न्यायच्या का मास्तर?” मुकादमानं विचारलं.

“न्या. फुटली तर कुठं फुटली तेवढं लिहून आणा.”

वही एका महिन्यानं परत आली. थर्मामीटर फडक्यात होता, अखंड. अश्विनीच्या पानाखाली दत्ताच्या अक्षरात चार ओळी होत्या. पेन नीट उमटलं होतं.

‘अठ्ठ्याण्णवला टेकला न्हाई. खालीच थांबला.
तीन दिवस तीनदा बघितलं. बापानं बी बघितलं.
गोळा बुडाला टेकू दिला न्हाई.
चुलीला लाकडं लय होती.’